निवेदकाचे नाव आणि संहितेचा आवाज

मौखिक इतिहासाच्या क्षेत्रकार्यात संशोधक पहिल्याच भेटीत निवेदकाला वचन देतो : 'तुमचे नाव कोठेही येणार नाही.' असे वचन देण्याचा अधिकार त्याला कितपत असतो, हा प्रश्न आपल्या पद्धतिशास्त्रीय चर्चेत क्वचितच उपस्थित होतो.

नवी मुंबईचे उदाहरण घेऊ. या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात आंदोलकांवर झालेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्या दिवसांविषयी, आणि पुढे साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवरून माजलेल्या भाऊबंदकीविषयी गावकऱ्यांना बोलते करायचे, तर नाव बदलणे पुरेसे नाही. आगरी बोलीतील एखादी लकब किंवा 'तळ्यापलीकडचे घर' एवढा उल्लेख गावाला पुरतो. मराठीच्या अभ्यासकाची अडचण येथे समाजशास्त्रज्ञाहून बिकट आहे. समाजशास्त्रज्ञ सारांश देऊन सुटू शकतो. आपल्याला मात्र बोलीचा पोत, म्हणजे नेमके बोलणाऱ्याची ओळख पटविणारे तेच, जपायचे असते. संहिता जितकी प्रामाणिक, तितका निवेदक उघडा. प्रमाणभाषेत 'स्वच्छ' केलेली मुलाखत सुरक्षित असते खरी. पण तिच्यासाठी ध्वनिमुद्रण तरी कशाला करायचे?

दुसरी मर्यादा कायद्याची. पक्षकार वकिलाशी जे बोलतो त्याला मिळणारे संरक्षण संशोधकाच्या टिपणवहीला नाही. बोस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधील माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती त्यांच्या हयातीत गुप्त ठेवण्याच्या हमीवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. २०११ मध्ये त्यांच्यासाठी न्यायालयीन आदेश निघाले, आणि काही मुलाखती अखेर पोलिसांच्या हाती गेल्या. आपल्याकडे २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार, बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या कोणाही व्यक्तीवर ती कळविण्याचे बंधन आहे. लग्नगीते गोळा करायला गेलेल्या विद्यार्थिनीला एखादी मुलगी असे काही सांगते, तेव्हा आधी दिलेले निरपवाद आश्वासन पाळणे तिच्या हाती राहत नाही.

म्हणून मर्यादा आधी सांगावी. ती ऐकून निवेदक गप्प राहिला, तर ते मौन स्वीकारावे. सामग्री हातची जाईल, हा आक्षेप मला फारसा वजनदार वाटत नाही.

मात्र गुप्तता म्हणजे आपोआप सौजन्य, असेही नव्हे. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथातील आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रिया स्वतःच्या नावानिशी बोलतात. तेथे नावे पुसणे म्हणजे त्यांचे कर्तृत्व पुसणे ठरले असते. आंदोलनात उतरलेल्या एखाद्या स्त्रीला मोर्चाच्या हकिकतीत आपले नाव हवे असेल आणि दिराच्या हकिकतीत नको असेल. संमतिपत्रावर सही मात्र एकदाच, बहुधा ध्वनिमुद्रक सुरू होण्यापूर्वी, घेतली जाते. लिप्यंतर पूर्ण झाल्यावर ते तिला वाचून दाखवावे आणि प्रत्येक प्रसंगापाशी पुन्हा विचारावे.