माहेरवाशिणीचा सल्ला

माझी धाकटी बहीण टोरांटोला असते. दोन-तीन वर्षांनी एखाद्या दिवाळीला ती नागपूरला येते आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरातले डबे हलवते. "वहिनी, रोज लागणारी साखर इतकी उंच कशाला? आणि मीठ शेगडीपासून इतके लांब?" असे म्हणत ती फळीवरचे डबे खाली आणि खालचे फळीवर चढवते. माझी बायको चकल्यांचा सोऱ्या फिरवत "बरं, वन्सं" एवढेच म्हणते. रात्री मात्र मला म्हणाली, "आठ दिवसांनी वन्सं विमानात बसतील. डबे मलाच शोधायचे आहेत."

मी हसलो. पण त्या वाक्याने माझी झोप उडवली. जो घर सोडून गेला, त्याने घराला सल्ला द्यावा का? आणि जो घरात राहिला, त्याने तो ऐकावा का?

हा प्रश्न केवळ माझ्या घरचा नाही. जगातल्या पुष्कळ देशांना तो पडलेला आहे. परदेशी गेलेल्या आपल्या जाणत्या माणसांना थोड्या काळासाठी मायदेशी बोलवावे आणि त्यांची विद्या कामी आणावी, अशी एक योजनाच संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९७७ साली तुर्कस्तानापासून सुरू केली. त्यातही परराष्ट्र खात्याची गोष्ट न्यारी. हे खाते म्हणजे देशाचा दिंडीदरवाजा. आपल्या दरवाजाचा रंग उडाला आहे, कडी वाजवली तरी आत ऐकू जात नाही, हे माजघरात बसलेल्याला कसे कळावे? ते बाहेर उभ्या असलेल्यालाच कळते. वकिलातीच्या खिडकीपुढे रांगेत परदेशी गेलेला माणूस उभा राहतो, खिडकीच्या आतला अधिकारी कधीच राहत नाही.

स्वतंत्र भारतानेही हे ओळखले होते. १९४६ साली आपल्या परराष्ट्र सेवेची उभारणी सुरू झाली, तेव्हा अनुभवी माणसे बहुतेक जुन्या आय. सी. एस. मधली होती. पण सगळीच नव्हेत. सय्यद हुसेन यांची उमेदीची वर्षे अमेरिकेत हिंदी स्वातंत्र्याची बाजू मांडण्यात गेली होती. ते इजिप्तमधले आपले पहिले राजदूत झाले आणि १९४९ साली कैरोतच वारले. ए. सी. एन. नंबियार बर्लिनमध्ये पत्रकारी करत आणि पुढे तेथेच सुभाषबाबूंचे सहकारी झाले. ते पश्चिम जर्मनीत भारताचे राजदूत झाले. परदेशात घालवलेली वर्षे देशाने वाया गेलेली मानली नाहीत, भांडवल मानली.

मग माझ्या बायकोचे काय चुकले? काहीच नाही. तिचा आक्षेप सल्ल्याला नव्हताच, विमानाला होता. जॉर्जिया देशाचे उदाहरण पाहा. जॉर्जियन निर्वासितांच्या घरात पॅरिसला जन्मलेल्या सालोमे झुराबिशविली फ्रान्सच्या राजदूत म्हणून जॉर्जियात आल्या आणि २००४ साली त्याच जॉर्जियाच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. दीड वर्षाच्या आतबाहेर, ऑक्टोबर २००५ मध्ये, त्यांना पदावरून काढले. एखादी पॅरिसला परतली असती. पण त्या तेथल्या राजकारणात राहिल्या आणि २०१८ साली त्याच देशाच्या अध्यक्षा म्हणून निवडून आल्या. त्यांचे सारे राजकारण बरोबर होते की नाही, ते मला ठाऊक नाही. पण डबे हलवून त्या विमानात बसल्या नाहीत, एवढे खरे.

इथवर विचार आला, तेव्हा मला वाटले, निकाल लागला. जो राहील त्याने बोलावे, जो जाणार त्याने गप्प बसावे. पण मग एक जुनी आठवण पुढे येऊन उभी राहिली. ती माझ्या बाजूची नाही.

मी एका कचेरीत कारकून होतो. मूळचा नागपूरचाच, पण अमेरिकेत स्थायिक झालेला एक इंजिनियर महिनाभराच्या सुटीत आमच्याकडे आला. पैसे नकोत, मदत करतो, म्हणाला. पहिला दिवस तो आमच्याच खिडकीपुढच्या रांगेत उभा राहिला. मग त्याने दोनच गोष्टी सांगितल्या. प्रत्येक अर्जाला नंबर द्या, आणि काम कोणत्या नंबरापर्यंत आले ते रोज संध्याकाळी बाहेर फळ्यावर लिहा. आम्ही त्याला हार घातला, चहा पाजला, फळा टांगला. तो गेल्यावर पंधरा दिवस आम्ही फळा लिहिला. मग खडू संपला. तो आणायचे काम कोणाचे, ते ठरले नव्हते. पुढे त्या खिळ्यावर कॅलेंडर आले.

काटोलकडचे एक म्हातारे शेतकरी एका कागदासाठी एस. टी.ने चार खेपा आले. चौथ्या खेपेला त्यांनी मला विचारले, "साहेब, तो फळा कुठी गेला जी? फळा होता तं आमाले समजत होतं." मी त्यांना म्हणालो, "बाबा, पुढच्या सोमवारी या." पाहुणा परत गेला, हे आमचे निमित्त होते. खडू आणायला अमेरिकेहून कोणी यावे लागत नव्हते.

याच नागपुरात डॉ. पांडुरंग खानखोजे यांनी अखेरचे दिवस घालवले. वर्ध्याकडचा हा माणूस तरुणपणी देश सोडून गेला, अमेरिकेत शेतकीशास्त्र शिकला आणि गदर चळवळीच्या आरंभीच्या मंडळींत वावरला. परतीची वाट बंद झाली, तेव्हा तो मेक्सिकोला गेला. तेथे चापिंगोच्या शेतकी विद्यालयात त्याने शिकवले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले, गोरगरीब शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्याला रंगवले. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगोला त्याचा पुतळाही उभा राहिला.

देश स्वतंत्र झाला आणि खानखोज्यांना मायभूमीला यावेसे वाटले. त्यांनी परवाना मागितला, तर तो आधी नाकारला गेला. कारण ब्रिटिश सरकारने केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते. राज्य गेले, यादी राहिली! पुढे ती चूक दुरुस्त झाली, ते आले, नागपुरात राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी वारले.

ज्या कोणी त्या यादीकडे बोट दाखवून नकार लिहिला असेल, त्याच्यावर मला रागावता येत नाही. त्याने नियम पाळला असेल. मीही पाळत होतो. खिडकीच्या आत बसले की यादी जुनी झाली आहे हे दिसत नाही. ते बाहेरच्याला दिसते. ते तो सांगतो आहे, हेच त्याचे देणे. तो राहणार की जाणार, हा प्रश्न त्याच्या निष्ठेचा असेल, पण सल्ला खरा की खोटा, हे त्याच्या तिकिटावरून ठरत नाही. जाणाऱ्याने एवढे ओळखावे की डबे शोधण्याचे कष्ट त्याचे नाहीत, म्हणून हात लावण्यापूर्वी विचारावे. राहणाऱ्याने एवढे ओळखावे की खडू आणणे हे त्याचे काम आहे, आणि पाहुणा गेला ही सबब नव्हे.

भाऊबीज झाली, बहीण गेली. चार दिवसांनी तिचा फोन आला. "वहिनी, डबे परत वर गेले असतील ना?"

"साखर खालीच आहे," बायको म्हणाली. "माझा गुडघा दुखतो हे तुमच्या बरं लक्षात आलं, वन्सं. रोज चढउतार करणाऱ्या मला सुचलं नव्हतं."

"आणि मीठ?"

"ते जागच्या जागी. शेगडीजवळ वाफेनं त्याला पाणी सुटतं."

पलीकडे बहीण हसली. मी काही बोललो नाही. मला तो खिळा आठवत होता.