विशेषणाचे मोल

1972 साली हॅरी गॅम्बोआ, ग्रॉन्क आणि विली हेरॉन या तीन तरुण कलावंतांनी लॉस एंजेलिस काउंटी कलासंग्रहालयाच्या प्रवेशद्वारापाशी रात्री रंगाच्या फवाऱ्याने आपापल्या सह्या केल्या. चिकानो, म्हणजे मेक्सिकन मूळ असलेल्या अमेरिकनांच्या हातून ललितकला घडत नाही, या आशयाचे उत्तर तेथील एका अधिकाऱ्याने दिल्याचे गॅम्बोआ यांनी सांगितले आहे. संग्रहालयात चित्र लागत नसेल, तर संग्रहालयच आपले चित्र म्हणून सही करून टाकावी, अशी ही कल्पना होती. त्या सह्यांजवळ उभ्या असलेल्या त्यांच्या सहकारी पॅट्सी व्हाल्डेझ यांचे छायाचित्र तेवढे उरले. सह्या पुसल्या गेल्या. 2011 मध्ये त्याच संग्रहालयाने 'आस्को' या त्यांच्या गटाचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. याला न्याय म्हणावे काय?

कलेचा निवाडा केवळ गुणांवर व्हावा, 'लॅटिनो' हे विशेषण लावून कलावंताला पुढे करणे म्हणजे त्याला कुंपणात घालणे होय, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप पोकळ नाही. मात्र निवाड्याआधी पाहणे घडावे लागते, आणि पाहण्याची संधी गुणांनुसार वाटली गेली होती असे इतिहास सांगत नाही. बाजाराला स्पॅनिश नावांचे वावडे आहे, असेही नाही. फ्रिडा काहलो यांच्या एका आत्मचित्राला 2021 मध्ये 3 कोटी 49 लाख डॉलर मिळाले. 'लॅटिन अमेरिकी कला' ही लिलावगृहांची जुनी, प्रतिष्ठित पेठ आहे. पूर्व लॉस एंजेलिसमध्ये वाढलेला चित्रकार या पेठेला पुरेसा परका वाटत नाही, आणि 'अमेरिकन' म्हणवणाऱ्या पेठेला पुरेसा आपला वाटत नाही. याउलट, ज्याँ-मिशेल बास्किया यांच्या चित्राने 2017 मध्ये 11 कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा त्यांच्या आईचे प्वेर्तो रिकन मूळ फारसे कोणाला आठवले नाही. किंमत चढली की विशेषण गळते, हा बाजाराचा सोयीस्कर विसर म्हणावा लागेल.

खरा धोका निराळा आहे. विशेषणाने दार उघडले, की दारातला माणूस आत काय आणतो याचीही झडती सुरू होते. भित्तिचित्रे हवीत, सांगाडे हवेत, स्थलांतराचे दुःख हवे. कार्मेन हेरेरा या झडतीत नापासच झाल्या असत्या. 1915 मध्ये हवानात जन्मलेल्या या चित्रकर्तीने न्यू यॉर्कमध्ये दशकानुदशके दोन-तीन रंग आणि काटेकोर सरळ रेषा यांपलीकडे काही मागितले नाही. त्या रेषांवरून तिची जन्मभूमी कोणालाही ओळखता येणार नाही. तरीही 2004 मध्ये लॅटिन अमेरिकी कलेला वाहिलेल्या एका दालनातील, भौमितिक शैलीच्या स्त्री-चित्रकारांच्या प्रदर्शनात ऐनवेळी एक जागा रिकामी झाली, एका चित्रकार स्नेह्याने हेरेरांचे नाव सुचवले, आणि वयाच्या 89व्या वर्षी त्यांचे पहिले चित्र विकले गेले. विशेषणे दोन, 'लॅटिन' आणि 'स्त्री'. आणि दोन्ही त्या रेषांविषयी काहीच सांगत नव्हती. दाराचे काम तेवढेच होते.

2016 मध्ये व्हिटनी संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा त्या 101 वर्षांच्या होत्या. इतकी वर्षे ज्यांच्या सोबतीने त्या अविकल्या चित्रांनिशी राहिल्या, ते त्यांचे पती, शाळामास्तर जेसी लोवेन्थाल, 2000 मध्येच निवर्तले होते.