विश्वासाचा घास

दुसऱ्याच्या मरणाची कथा वाचून आपल्या मनास स्वस्थता लाभावी, हे नीतीच्या दृष्टीने कितपत योग्य? शोकांतिकेच्या संदर्भात हा प्रश्न मीमांसकांनी शतकानुशतके चर्चिला आहे. परंतु शोकांतिका वाचून निदान डोळ्यांत पाणी येते. ज्या वाङ्मयप्रकाराविषयी आम्ही येथे लिहीत आहो त्यात खून होतो, आणि वाचक मात्र चहाचा पेला हाती घेऊन प्रसन्न चित्ताने पुढचे पान उलटतो. इंग्रजीत या कादंबऱ्यांना ‘कोझी’ हे विशेषण लावतात. ऊबदार, घरगुती असा त्याचा भाव आहे. आपण त्यांना सौम्य रहस्यकथा म्हणू. लहानसे गाव, एकमेकांच्या ओळखीची माणसे, रक्तपाताचे वर्णन नाही, शोध लावणारी व्यक्ती पोलिसखात्यातील नव्हे, तर एखादी वृद्ध कुमारिका किंवा बेकरी चालविणारी बाई, जागोजाग खाद्यपदार्थ, आणि पुष्कळदा कोणासही न भिवविणारे एखादे भूत, असा त्यांचा थाट असतो.

या प्रकारावर आक्षेप घेणारे लहान नव्हेत. अमेरिकन टीकाकार एडमंड विल्सन यांनी १९४५ साली अशा कथांच्या वाचनाची गणना जवळजवळ व्यसनातच केली. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली रविवारच्या सुग्रास भोजनानंतर आरामात बसून वर्तमानपत्रातील खुनाच्या हकीकती वाचणाऱ्या इंग्रज गृहस्थाचे चित्र रेखाटले. त्यातील थट्टेला एक बोचरी धार आहे. पुढील काळात हा आक्षेप अधिकच बळावला असे म्हणता येईल. जोॲन फ्ल्यूक यांच्या २००० सालच्या कादंबरीत मिनेसोटातील एका कल्पित गावी बेकरीमागे दूध पोचविणाऱ्या माणसाचे प्रेत सापडते, भोवती बेकरीतील बिस्किटे विखुरलेली असतात. आणि त्याच पुस्तकात त्या बिस्किटांची कृतीही वाचकांच्या सोयीसाठी दिलेली आहे! मेलेल्याची आठवण पुसली जाण्यापूर्वीच वाचकाने भट्टी पेटवावी, ही गोष्ट सहृदय मनास खटकल्यावाचून राहणार नाही.

तथापि या कथांत अन्नाला एवढे स्थान का, याचा थोडा विचार केला पाहिजे. केवळ जिभेचे लाड, असे म्हणून तो प्रश्न सुटत नाही. ज्याच्या हातचे आपण खातो त्याच्या हाती आपण आपला जीव देतो. मनुष्याने मनुष्यावर टाकलेला हा सर्वांत जुना आणि रोजचा विश्वास होय. रोजचा असल्यामुळेच तो आपल्या लक्षात येत नाही. अगाथा ख्रिस्ती यांनी पहिल्या महायुद्धात टॉर्की येथील औषधालयात काम करताना विषांचे ज्ञान मिळविले होते. परंतु त्यांच्या कथांतील विष खरे झोंबते ते रसायनशास्त्रामुळे नव्हे. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका कादंबरीत गृहस्वामीच्या न्याहारीच्या मुरंब्यात यू नामक वृक्षाचे विष मिसळलेले असते. तलवारीने मारणारा शत्रू समोरून येतो. मुरंब्यात विष कालवणारा मात्र घराला घरपण देणाऱ्या वस्तूचेच शस्त्र करतो. म्हणून या कथांत खुनी शोधावयाचा म्हणजे केवळ अपराधी पकडावयाचा नसतो. माणसांनी पुन्हा एकमेकांच्या हातचे निर्धास्तपणे खावे, अशी स्थिती परत आणावयाची असते.

याचे सर्वांत मार्मिक उदाहरण ख्रिस्ती यांच्याच १९५० सालच्या ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ या कादंबरीत आहे. रहस्य आधी फुटल्याने ज्यांचा रसभंग होईल त्यांनी एवढा परिच्छेद वगळावा. तो काळ इंग्लंडात शिधावाटपाचा; १९४० साली सुरू झालेले ते नियंत्रण १९५४ साली पूर्णपणे उठले. लोणी, साखर, चॉकलेट यांचा असा दुष्काळ असताना एका सुस्थित घरात आश्रयास असलेल्या डोरा बनर नामक गरीब, विसराळू, प्रौढ स्त्रीच्या वाढदिवसाला एक अपूर्व केक होतो. घरातला तरुण थट्टेने त्याला ‘स्वादिष्ट मरण’ असे नाव देतो. केक निर्दोष असतो. परंतु तो खाऊन तृप्त झालेली डोरा मैत्रिणीच्या उशाजवळची डोकेदुखीची गोळी घेते, आणि त्या विषारी गोळीने मरते. ती गोळी तेथे ठेवणारी दुसरी कोणी नसून, जिने एवढ्या टंचाईत केक करविला तीच जिवलग मैत्रीण असते. डोराच्या बोलण्यात वारंवार होणाऱ्या चुकीने तिचे गुपित उघडे पडणार असते. म्हणून मारावयाचे, पण मरण्यापूर्वी एक दिवस सुखाचा द्यावयाचा! पकडली गेल्यावर ही बाई ढळढळा रडते ती डोरासाठीच. माया खरी आणि खूनही खरा. दोन्ही एकाच मनात, एकाच घरात. मनुष्यस्वभावाविषयी इतके भयंकर सत्य जो वाङ्मयप्रकार चहाच्या टेबलावर मांडू शकतो, तो केवळ गुंगीचे औषध आहे असे कसे म्हणावे?

आता भुताकडे वळू. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले; त्यांत अतींद्रिय शक्तींना साफ मज्जाव आहे. गंमत अशी की, नॉक्स हे स्वतः कॅथलिक धर्मोपदेशक होते. अदृश्यावर ज्यांची श्रद्धा त्यांनीच अदृश्याला कथेबाहेर ठेवले; आणि ते योग्यच होते. मृताने येऊन खुन्याचे नाव सांगितले तर जिवंतांनी विचार करण्याचे कारणच उरत नाही. चांगली सौम्य रहस्यकथा ही मर्यादा ओळखते. १९२४ साली ख्रिस्ती यांनी ‘मिस्टर क्विन’ नावाचे एक गूढ पात्र निर्माण केले. तो माणूस की आणखी कोणी, हे स्पष्ट होत नाही. तो अचानक येतो, थोडेसे बोलतो आणि निघून जातो. पहिल्याच कथेत नववर्षाच्या आदल्या रात्री तो एका घरी येतो. त्या घराच्या पूर्वीच्या मालकाने दहा वर्षांपूर्वी आत्महत्या केलेली असते. क्विन उत्तर देत नाही. तो केवळ जमलेल्यांना आठवावयास लावतो. आठवता आठवता जुने सत्य बाहेर येते, आणि पतीच्या संशयाने खचून त्याच रात्री प्राण देण्याच्या विचारात असलेली एक निरपराध स्त्री वाचते. मृतांचे ऋण फेडले की जिवंतांचा प्राण वाचतो, हा त्या कथेतील अर्थ आहे. अदृश्याचे काम एवढेच, की त्याने विस्मृतीचे दार किलकिले करावे. आत शिरावयाचे ते माणसानेच.

जपानी लेखकांनी हे सूत्र आणखी पुढे नेले. तोशिकाझु कावागुची यांच्या २०१५ सालच्या कादंबरीत टोकियोतील एका कॉफीगृहातून भूतकाळात जाता येते. परंतु तेथे काहीही केले तरी वर्तमान बदलत नाही, आणि पेल्यातील कॉफी निवण्यापूर्वी परत यावे लागते. हिसाशी काशिवाई यांच्या २०१३ पासूनच्या क्योतोतील कथांत तर खूनही नाही. पोलिसखात्यातून निवृत्त झालेला एक विधुर आपल्या मुलीसह खाणावळ चालवितो, आणि गिऱ्हाइकांना आयुष्यात हरवलेला एखादा पदार्थ, दिवंगत पत्नीच्या हातचा किंवा बालपणी चाखलेला, शोधून पुन्हा करून देतो. शोधबुद्धी तीच, पण येथे ती अपराध्याचा माग काढीत नाही, प्रेमाचा काढते. आपल्याकडील वाचकांस यात अनोळखी असे काही वाटू नये. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना, म्हणजे घाटावर उभी असलेली माणसे मृताची कोणती इच्छा राहिली ते आठवू लागतात, आणि कोणीतरी पुढे होऊन हात जोडून वचन देतो. त्यामागील श्रद्धा कोणी मानो वा न मानो. मेलेल्या माणसाचे आपण काहीतरी देणे लागतो, आणि ते ओळखण्यासाठी त्याचे मन जाणावे लागते, ही जाणीव तेथे आहे.

यावरून या वाङ्मयाची नैतिक कसोटी आम्हांस अशी दिसते: मरणारा माणूस कथेत कशासाठी आला? केवळ निमित्त म्हणून, की माणूस म्हणून? पुस्तक मिटल्यावर खुन्याचे नाव आठवते पण मेलेल्याचे आठवत नाही, असे झाले तर लेखकाने दुसऱ्यांदा खून केला आणि वाचक त्यात भागीदार झाला. अशा कथा पुष्कळ आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. आणि त्यांच्यापुरता आक्षेपकांचा पक्ष बळकट आहे. परंतु डोरा बनरसारखी क्षुद्र, बडबडी, कोणाच्या हिशेबी नसलेली बाई जेथे वाचकाच्या मनात घर करते, तेथे लाभणारी स्वस्थता पापमूलक नव्हे. ती विश्वास पुन्हा जोडला गेल्याची स्वस्थता असते.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. कथेत शेवटच्या प्रकरणी सर्वांना दिवाणखान्यात बोलावून सत्य सांगितले जाते. संसारात असे दिवाणखाने विरळा. तेथे कित्येक मृत्यूंची कारणे कधीच उलगडत नाहीत, आणि तो भार घेऊनच माणसांना उद्याचा स्वयंपाक करावा लागतो. सौम्य रहस्यकथेच्या वाचकाने अशा घरी जावे तेव्हा उत्तर घेऊन जाऊ नये. मुकाट्याने त्या पंक्तीला बसावे, आणि समोर आलेला घास विश्वासाने खावा.