आधी वत्सभाग, मग देवभाग



देवाच्या मस्तकी दुग्धाभिषेक करताना भक्ताच्या मनात एकच भाव असतो, की जे उत्तम आणि निर्मळ, ते प्रथम परमेश्वराला अर्पण व्हावे. हा भाव वंदनीयच आहे. परंतु या दुधावर पहिला अधिकार कोणाचा, याचाही विचार आपल्या पूर्वजांनी केलेला आहे. गाईला पान्हा फुटतो तो वासरासाठी. ‘वात्सल्य’ हा शब्दसुद्धा ‘वत्स’ म्हणजे वासरू या शब्दापासूनच घडला आहे. संतांनी विठ्ठलाला माउली म्हटले, तेव्हा वासरासाठी हंबरत धावणाऱ्या गाईचाच दृष्टांत त्यांनी वारंवार दिला.

महाकवी कालिदासाच्या ‘रघुवंशा’तील दुसऱ्या सर्गात याविषयी एक उद्बोधक प्रसंग आहे. अपत्यहीन दिलीप राजाने वसिष्ठांच्या आश्रमातील नंदिनी धेनूची सेवा आरंभिली. २१ दिवस लोटल्यावर त्याची परीक्षा झाली. नंदिनीवर झेपावलेल्या मायावी सिंहापुढे राजाने स्वतःचा देह ठेवला. प्रसन्न झालेल्या नंदिनीने त्याला आपले दूध काढून प्राशन करण्यास सांगितले. त्या दुधाने त्याचा वंश चालणार होता. तरीही राजा उतावीळ झाला नाही. वासराचे पोट भरल्यावर आणि होमकार्य झाल्यावर जे उरेल, तेच गुरूंच्या अनुज्ञेने घेईन, असे त्याने नम्रपणे सांगितले. आधी वत्स, मग यज्ञ आणि शेवटी आपण, हा क्रम सम्राटानेही मोडला नाही.

धर्मशास्त्रकारांचा दंडकही असाच आहे. गाय व्याल्यानंतरच्या पहिल्या दहा दिवसांचे दूध, तसेच वासरू नसलेल्या गाईचे दूध त्यांनी वर्ज्य मानले. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेला, आपल्याकडे एकट्या गाईची नव्हे, तर सवत्स धेनूची पूजा होते. त्या दिवशी व्रत करणाऱ्या स्त्रिया गाईचे दूध व दुधाचे पदार्थ सेवन करीत नाहीत. निदान एक दिवस तरी वासराच्या वाट्याला हात लावू नये, हा बोध त्या व्रतातून सहज घेता येतो.

या श्रद्धेला आज पशुवैद्यकाचाही आधार आहे. गर्भात असताना वासराला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. ती मिळतात केवळ चिकातून. जन्मानंतर सुमारे २४ तासांत ती शोषून घेण्याची आतड्यांची शक्ती लोपते. म्हणून पहिला चीक जन्मानंतर तासा-दोन तासांच्या आत वासराच्या पोटात जावा लागतो. पहिल्या दिवसात त्याला वजनाच्या साधारण एक दशांश इतका, म्हणजे २० किलोच्या वासराला २ लिटर चीक थोडा थोडा करून मिळावा. हा चीक खरवसासाठी काढून घेतला आणि वासरू हगवणीने दगावले, तर त्या खरवसाची गोडी कोणाला लागावी?

पुढेही पहिला महिनाभर दूध हेच वासराचे मुख्य अन्न होय. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. परंतु तान्ह्या वासराचा दूध पचविणारा चौथा कप्पाच तेवढा कार्य करतो. चारा पचविणारे मोठे पोट हळूहळू घडते. त्यासाठी दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर वासरांचा खुराक, कोवळे गवत आणि स्वच्छ पाणी पुढे ठेवावे. वरचे दूध पाजावयाचे असल्यास ते धारोष्ण दुधाइतके कोमट असावे, भांडे निर्मळ असावे आणि वेळा ठरलेल्या असाव्यात. चारा व खुराक नीट खाऊ लागल्यावर, साधारण तीन महिन्यांनी, दूध क्रमाक्रमाने तोडावे. एकाएकी तोडू नये.

कालवड पुढे दूध देईल म्हणून तिला पाजावे आणि ट्रॅक्टर आल्यामुळे गोऱ्ह्याचा उपयोग उरला नाही म्हणून त्याला उपाशी ठेवावे, असा भेद काही ठिकाणी दिसतो. गाय मात्र असा भेद करीत नाही. दोघांसाठी तिचा पान्हा सारखाच असतो. महादेवासमोरील नंदीला हात जोडणाऱ्याने गोठ्यातील गोऱ्ह्याच्या तोंडचे दूध काढून घेतले, तर ती पूजा अपुरी राहते.

यास्तव दर्शनास येणाऱ्या भाविकांना नम्र विनंती आहे. गोशाळेतील तान्ह्या वासरांना पेढे, गूळ, पोळी किंवा भिजविलेली डाळ भरवू नये. प्रेमाने दिलेला तो घास त्यांच्या कोवळ्या पोटाला बाधतो. गोग्रास द्यावयाचा असल्यास तो सेवेकऱ्यांच्या हाती द्यावा. अभिषेकाला पळीभर दूधही पुरते, कारण देव भावाचा भुकेला आहे. दानशूर भक्तांनी गोदान करताना गाईबरोबर तिच्या वासराच्या पोषणाचाही संकल्प सोडावा. एका वासराचे तीन महिन्यांचे दूध व खुराक देणे ही गोसेवाच आहे.

वासरू तृप्त होऊन आईच्या कुशीत विसावते, तेव्हा उरलेले दूध खऱ्या अर्थाने प्रसाद होते. तोच प्रसाद देवाला प्रिय होवो आणि सर्वांच्या घरी गोधन व संतती सुखाने नांदो.

॥ शुभं भवतु ॥