रिॲक्शन, दैव आणि पुरुषकार

निर्मल, भैंसा, मुधोळ या तेलुगू-मराठी टापूत इंजेक्शनची रिॲक्शन येऊन माणूस गेला, की भेटायला आलेले म्हणतात, 'त्याचं तेवढंच लिहिलं होतं.' त्या घराला या बोलण्याचा आधार वाटतो, तो कुणी हिरावू नये. पण चौकशीही तिथेच थांबते, आणि आक्षेप आहे तो त्याला.

चरकसंहितेच्या विमानस्थानात हा प्रश्न थेट विचारलेला आहे: आयुष्य आधीच ठरलेले असते का? उत्तर असे, की ते दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, या दोहोंच्या बलाबलावर ठरते. सारे नेमलेलेच असते, तर औषध कशाला हवे होते?

पेनिसिलिनचेच घ्या. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांना बेंझाथिन पेनिसिलिन दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षे टोचावे लागते. 1991 साली 'लॅन्सेट'मध्ये 11 देशांतल्या 1,790 रुग्णांचा अभ्यास आला. 32,430 इंजेक्शनांत ॲनाफायलॅक्सिसचे, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीचे, प्रसंग चार, मृत्यू एक. ज्या घरातला तो एक, त्यांना या हिशेबाने धीर येणार नाही. पण त्या भीतीने बाकीच्यांचे इंजेक्शन बंद केले, तर त्यांच्या झडपा आणखी खराब होतात. न टोचणे हेही कर्मच.

पुढे 2022 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितले, की इंजेक्शननंतरचे काही मृत्यू ॲलर्जीचे नसून आधीच फार थकलेल्या हृदयाचे असावेत. अशा रुग्णांना गोळ्या द्याव्यात. दैवाच्या नावावर मांडलेला काही भाग शोध घेतल्यावर कळण्याजोगा निघाला.

खरी ॲनाफायलॅक्सिस आली, की अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. तेव्हा हवी असते ॲड्रिनॅलिनची एक मिलिलिटरची काचेची कुपी. मोठ्या माणसाला त्यातले अर्धे, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ही कुपी हाताशी न ठेवता सुई टोचली असेल, तर पुढचे दैवाच्या माथी मारता येणार नाही. उलट ज्या डॉक्टराने पूर्वी रिॲक्शन आली होती का हे आधी विचारले, तयारी ठेवली, तरी रुग्ण हातचा गेला, त्याच्या अंगावर धावून जाणे हा अधर्म आहे.

इथले रुग्ण कधी निजामाबादला जातात, कधी नांदेडला. म्हणून रिॲक्शन आलेल्या औषधाचे नाव कागदावर लिहून मागा आणि नव्या डॉक्टरला तो कागद आधी दाखवा. केंद्राच्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे रुग्ण स्वतःही कळवू शकतो; त्याचा मोफत क्रमांक 1800-180-3024.