गवताने घडवलेली माती

युक्रेन आणि दक्षिण रशियाच्या गवताळ मैदानांखाली, म्हणजे स्टेपखाली, काही ठिकाणी मीटरभराहून खोल काळी माती आहे. तिला चेर्नोझेम म्हणतात. तिथल्या शेतकऱ्याला तिचं मोल कुणी सांगावं लागलं नाही. अभ्यासकांना मात्र ती आली कुठून हे ठरवायला सव्वाशे वर्षं लागली, आणि तिला कोणत्या वर्गात बसवायचं हा वाद पुढेही बराच काळ चालला. दर पिढीने या मातीला वेगळा प्रश्न विचारला. त्यातला एक प्रश्न आपण फार लवकर बाजूला ठेवला, असं मला वाटतं.

पहिला प्रश्न साधा होता : ही माती कशाची झाली? रशियन शास्त्रज्ञ लोमोनोसोव यांनी 1763 मध्येच लिहिलं होतं की, झाडंझुडपं आणि प्राणी दीर्घकाळ कुजत राहिल्याने ती बनली आहे. उत्तर बरंचसं बरोबर होतं, पण ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. निसर्ग-अभ्यासक पालास यांना तिच्यात मागे हटलेल्या समुद्राचा गाळ आणि बोरूची दलदल दिसली. 1840 च्या दशकात रशियात फिरलेले भूवैज्ञानिक मर्चिसन यांनीही पाण्याखाली साचलेल्या चिखलाचीच बाजू घेतली. भूवैज्ञानिकाच्या लेखी माती म्हणजे खडकाचा चुरा, रसायनज्ञाच्या लेखी पिकाच्या अन्नाचा साठा. 1866 मध्ये रुप्रेख्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने गवताकडे बोट दाखवलं, पण एकट्या गवतानेही सगळा उलगडा होत नव्हता.

1870 च्या दशकातल्या दुष्काळांनी रशियाच्या धान्यपट्ट्याला हादरवलं, तेव्हा सेंट पीटर्सबर्गच्या मुक्त आर्थिक संस्थेने वासिली दोकुचाएव या तरुण भूवैज्ञानिकावर चेर्नोझेमच्या अभ्यासाचं काम सोपवलं. 1877 पासून ते हजारो किलोमीटर हिंडले आणि जागोजागी खड्डे खणत गेले. असा खड्डा खणला की त्याच्या उभ्या कडेवर मातीचा इतिहास वाचता येतो. वरचा थर जवळजवळ काळा आणि भुसभुशीत. बोटांत धरला की त्याचे ज्वारीच्या दाण्याएवढे रवे सुटतात आणि प्रत्येक रव्यातून बारीक मुळं गेलेली दिसतात. खाली उतरावं तसा काळेपणा हळूहळू तपकिरी होत जातो. कुठे एकदम रेघ मारल्यासारखी सीमा नसते. आणखी खाली चुन्याचे पांढरे तंतू आणि खडे लागतात. मध्येच फिकट मातीत काळे गोल ठिपके, तर काळ्या मातीत पिवळट ठिपके दिसतात. ती बिळं करून राहणाऱ्या प्राण्यांची जुनी, भरून आलेली भुयारं असतात. वरची माती खाली आणि खालची वर नेण्याचं काम हे प्राणी हजारो वर्षं करत आले आहेत.

दोकुचाएव यांच्या लक्षात आलं की हीच माती वाऱ्याने वाहून आणलेल्या लोएसवर आहे, चुनखडकावर आहे आणि चिकणमातीवरही आहे. म्हणजे केवळ खालचा खडक तिचं कारण असू शकत नाही. ती उंच पठारांवरही सलग पसरलेली आहे, तेव्हा दलदलीची कल्पनाही टिकत नाही. शिवाय ह्यूमसचं, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचं, प्रमाण हवामानाच्या पट्ट्यांप्रमाणे बदलतं : मधल्या पट्ट्यात सर्वाधिक, उत्तरेला जंगलाकडे कमी आणि आग्नेयेला कोरड्या भागातही कमी. 1883 मध्ये ‘रशियन चेर्नोझेम’ हा ग्रंथ आला, त्यातल्या नकाशात त्यांनी हे पट्टे आखून दाखवले. मूळ खडक, हवामान, सजीव, जमिनीचा चढउतार आणि काळ या पाचांच्या मेळातून माती घडते, आणि म्हणून ती खडक किंवा वनस्पतीसारखीच एक स्वतंत्र नैसर्गिक वस्तू आहे, असं त्यांनी मांडलं. मृदाशास्त्र स्वतंत्र शास्त्र झालं ते इथून.

कार्यकारणही त्यातून सुसंगत झालं. स्टेपच्या गवताचा मोठा भाग जमिनीखाली असतो आणि दरवर्षी त्यातली बरीच मुळं तिथेच मरतात. कोरडा उन्हाळा आणि गोठवणारा हिवाळा यांमुळे कुजण्याची क्रिया अर्ध्यावर थांबते. लोएसमधलं कॅल्शियम ह्यूमसला धरून ठेवतं. रशियन मृदाशास्त्रज्ञ पावेल कोस्तिचेव यांचं दोकुचाएव यांच्याशी हवामानाच्या महत्त्वावरून पटत नव्हतं, पण मुळांचं आणि मातीच्या रवाळपणाचं महत्त्व त्यांनी जास्त नेमकं ओळखलं, असं माझं मत आहे.

रशियन विचार अमेरिकेत पोचला तो जर्मनमार्गे. रशियन मृदाशास्त्रज्ञ ग्लिंका यांच्या जर्मन पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर अमेरिकेतल्या कर्टिस मार्बट यांनी 1927 मध्ये प्रसिद्ध केलं. पण प्रत्यक्ष शेतावर नकाशा काढणाऱ्याला अडचण होती. माती कशी घडली यावर दोन तज्ज्ञांचं एकमत झालं नाही, तर तिचा वर्ग कसा ठरणार? गाय स्मिथ यांच्या पुढाकाराने 1960 मध्ये खुल्या झालेल्या आणि 1975 मध्ये पक्क्या झालेल्या अमेरिकी मृदा-वर्गीकरण पद्धतीने उगमाचा वाद मागे सारला आणि मोजता येणारे गुण पुढे आणले. गवताळ मातीचा वर्ग झाला मॉलिसॉल. त्यासाठी वरचा थर गडद हवा, वाळला तरी दगडासारखा होता कामा नये, सेंद्रिय कर्ब निदान 0.6 टक्के हवा, कॅल्शियमसारख्या क्षारकांची संपृक्तता 50 टक्के किंवा जास्त हवी आणि थराला ठरावीक जाडी हवी. नांगरलेली आणि न नांगरलेली माती एकाच वर्गात राहावी म्हणून वरचे 18 सेंटिमीटर एकत्र मिसळल्याचं धरून गुण तपासले जातात. फार विचारपूर्वक केलेली योजना आहे ही.

तिचा फायदा आपल्याकडे स्पष्ट दिसतो. दख्खनच्या काळ्या कापूस-जमिनीला एकेकाळी उष्ण कटिबंधातलं चेर्नोझेम म्हटलं जाई. प्रत्यक्षात तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आतच असतो. वाफसा चुकला तर तिची ढेकळं फुटत नाहीत आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चिकणमातीमुळे ती व्हर्टिसॉल ठरली, आणि केवळ रंगावर जुळवलेलं नातं तुटलं. उलट सह्याद्रीत आणि सातपुड्यात, भरपूर पावसात, जंगलाखाली मॉलिसॉल सापडले. पावसाने क्षारक धुऊन जायला हवे होते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की बेसॉल्टमधली झिओलाइट ही खनिजं कॅल्शियम सतत पुरवत राहतात, म्हणून ही माती टिकली आहे. मोजमापाने स्टेप आणि सह्याद्री एका वर्गात आणले; ते तिथे का पोचले हे सांगायला मात्र पुन्हा दोकुचाएव यांचाच प्रश्न विचारावा लागला.

तो प्रश्न आज अमेरिकेच्या मकापट्ट्यात पुन्हा उभा आहे. पीक घेतल्या जाणाऱ्या तिथल्या सुमारे एकतृतीयांश जमिनीवरून वरचा काळा थर पूर्ण नाहीसा झाल्याचा अंदाज 2021 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रह-चित्रांतल्या मातीच्या रंगावरून मांडला. सर्वाधिक हानी उंचवट्यांवर आहे आणि तिथे नांगरटीचा वाटा मोठा आहे. जुन्या सर्वेक्षणात मॉलिसॉल म्हणून नोंदलेलं असं टेकाड नव्याने मोजलं, तर व्याख्येत बसणार नाही. मग त्याला नुसत्या नव्या वर्गात ढकलायचं का? मला ते मान्य नाही. तसं केलं तर झालेलं नुकसान नावाआड दडतं आणि ती जमीन मुळातच हलकी होती असा समज होतो. कुर्स्कजवळच्या राखीव क्षेत्रात कधीच न नांगरलेला स्टेप अजून शिल्लक आहे. शेजारच्या शेतातून काय गेलं हे त्याच्याशी ताडून पाहता येतं. अमेरिकेतल्या प्रेअरी या गवताळ प्रदेशाचेही असे तुकडे उरले आहेत. त्यांच्या आधाराने प्रत्येक झिजलेल्या जमिनीच्या नोंदीत दोन रकाने ठेवता येतील : आज मोजलेली माती, आणि गवताने तिथे घडवलेली माती.