वाळू, मासे आणि पायमोजा

जगातल्या थोर थोर तत्त्ववेत्त्यांनी पाप, पुण्य, आत्मा, परमात्मा अशा सगळ्या विषयांचा कीस पाडला. पण घरातल्या काचेच्या टाकीत मासे पाळले आणि त्यांनी उकरलेली वाळू फिल्टरमध्ये गेली, तर दोष कुणाचा, या प्रश्नाला कुणी हात लावलेला माझ्या वाचनात नाही. सॉक्रेटिसाच्या घरी टाकी नव्हती हे एक कारण असेल. त्याच्या घरात जी काही खळबळ होती, ती वेगळ्या कारणाने होती म्हणतात. कांटसाहेबांनी मात्र जनावरांचा थोडा विचार केला होता. जनावरांना निर्दयपणे वागवू नये, कारण तशी सवय लागली की माणूस माणसांशीही निर्दय होतो, असं त्यांचं मत. म्हणजे शेवटी काळजी माणसाचीच! पण ते वारले १८०४ साली, आणि दिवाणखान्यात मत्स्यटाकी ठेवायची टूम इंग्लंडात निघाली ती त्यानंतर पन्नासेक वर्षांनी. तेव्हा वाळूच्या बाबतीत त्यांना माफ केलं पाहिजे.

आमच्या घरी हा प्रश्न उभा केला माझ्या नातीने. वय वर्षं आठ. या वयात मुलांना न्याय फार लागतो. भांडण झालं की आधी गुन्हेगार ठरला पाहिजे; मिटवामिटवी मागाहून. टाकी तिच्याच हट्टाने आलेली. दोन फुटांची काच, तळाला दोन इंच वाळू, चार पाणवनस्पती, सहा कोरीडोरास आणि एक फिल्टर. कोरीडोरास म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधले, अंगठ्याएवढे, मिशाळ मासे. दुकानातला मुलगा घरी येऊन सगळं लावून गेला. जाताना म्हणाला, "काका, आता टेन्शन नाय. मच्छी खूश, तुम्ही खूश." चौथ्या रात्री फिल्टर बोलायला लागला. आधी कुरकुर, मग करकर, आणि पहाटेच्या सुमाराला दाढ दुखणाऱ्या माणसासारखं कण्हणं. सकाळी उघडून पाहिला, तर आत चमचाभर वाळू.

"आजोबा, चूक कुणाची? माशाची, वाळूची, की फिल्टरची?"

आता न्यायनिवाडाच करायचा तर आधी फिल्टरची बाजू ऐकली पाहिजे. बिचाऱ्याच्या पोटात एक लांबट चुंबक असतो आणि त्याला पाती जोडलेली असतात. वीज सुरू झाली की तो आपल्या दांडीभोवती गरागरा फिरतो, नळीतून पाणी ओढतो, स्पंजातून गाळतो आणि परत टाकीत सोडतो. चुंबक आणि त्याची खोबण यांत फट असते अगदी बारीक. त्या फटीत वाळूचा कण शिरला की संपलं. भूगर्भशास्त्राच्या हिशेबाने २ मिलिमीटरपेक्षा लहान आणि १/१६ मिलिमीटरपेक्षा मोठा कण म्हणजे वाळू. (म्हणजे वाळू होण्यालासुद्धा पात्रता लागते!) त्यातून नदीची वाळू बहुतेक गारगोटीच्या जातीची, काचेहूनही कठीण. टाकीची काच आतून पुसायच्या चुंबकाखाली एक कण अडकला तरी काचेवर जन्माचा ओरखडा उठतो. तिथे प्लॅस्टिकच्या खोबणीची काय कथा?

बरं, माशाला दोषी धरावं, तर तो करतो काय? वाळूत नाक खुपसतो. तोंडात घास घेतो, आतलं खाण्याजोगं ठेवून घेतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. दिवसभर हाच उद्योग. त्याच्या मिशा म्हणजे त्याची बोटं. टोकेरी खडीवर त्या झिजतात, जखमा होतात; म्हणून त्याला मऊ वाळूच लागते. त्याच्याच मुलखातल्या एका दुसऱ्या माशाचं तर नावच जिओफॅगस, म्हणजे ग्रीक भाषेत 'माती खाणारा'. आपल्याकडे माती खाल्ल्याचा आरोप साक्षात श्रीकृष्णावर झाला होता आणि यशोदेने तोंड उघडायला लावलं तर आत विश्व दिसलं. आमच्या माशांच्या तोंडात विश्व नसेल, पण त्यांचं सगळं विश्व वाळूत आहे हे तासभर टाकीसमोर बसलं की कळतं. वाळूत तोंड खुपसलेला कोरीडोरास हा माझ्या पाहण्यातला सर्वांत समाधानी प्राणी आहे. सेवानिवृत्त माणसांत असं समाधान मी क्वचित पाहिलं.

वाळूने स्वतःच्या बचावासाठी बोलायचं काही कारणच नाही. उकरली की उडायचं, पाणी थांबलं की खाली बसायचं, एवढंच तिला ठाऊक.

तर अशा रीतीने तिन्ही आरोपी निर्दोष सुटले. पण फिल्टरची करकर निकालासाठी थांबत नाही. मग सल्लागार जमले. कुणाच्या घरात फिल्टर बिघडला हे इमारतीत कसं पसरतं कोण जाणे! वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "वाळू काढून टाका. तळ उघडा ठेवा. दोन मिनिटांत साफ." हे खरंच आहे. उघड्या काचेच्या तळाइतकं स्वच्छ काही नाही. त्यांनी स्वतःच्या घरातून पायपुसणी, पडदे आणि रेडिओवरचं विणकाम याच तत्त्वावर बाद केलेलं आहे. पण त्यांच्या सांगण्यावरून आम्ही एक दिवस मासे तळ उघडा असलेल्या दुसऱ्या भांड्यात ठेवून पाहिले. ते आपले काचेवर नाक घासत इकडून तिकडे फिरत राहिले. खुपसायला काही नाही, गाळायला काही नाही. नात म्हणाली, "त्यांना सुट्टी लागल्यासारखं वाटत असेल." मला तसं वाटलं नाही. मला तो बेकारांचा तांडा वाटला.

दुसरे सल्लागार म्हणाले, मासेच बदला, वाळू न उकरणारे आणा. हाही एक न्याय आहे. माणूस गैरसोयीचा झाला की त्याच्या जागी दुसरा आणायचा. तिसऱ्यांनी इतिहास काढला. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगाई यांचा समतोल साधून टाकी चालवून दाखवली होती, फिल्टरबिल्टर काही नाही. तसं तुम्हीही करा. खरं आहे, पण दोन फुटांच्या टाकीत सहा मासे कोंबले की हा समतोल वनस्पतींच्या एकट्यांच्या खांद्यावर पेलत नाही.

इथे सोवळ्याओवळ्याचीही एक गंमत आहे. टाकीतली सर्वांत स्वच्छ वस्तू कोणती? वाळू. बादलीत घालून, ढवळून, पाणी ओतून, अशी बारा-चौदा पाण्यांनी धुतलेली. आमच्या आजीचं सोवळंसुद्धा इतकं कडक नव्हतं. आणि सर्वांत ओंगळ वस्तू? फिल्टरच्या स्पंजावरचा तो तपकिरी, बुळबुळीत थर. पण त्या बुळबुळीतच ते जीवाणू राहतात, जे माशांनी सोडलेल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी असं नायट्रेट करतात. म्हणजे सोवळ्यातली वाळू यंत्र बिघडवते आणि ओवळ्यातली बुळबुळ जीव वाचवते! आमच्या इंजिनिअरांनी एकदा परोपकारबुद्धीने तो स्पंज नळाखाली धरून लख्ख करायचं मनात आणलं होतं. मी हात धरला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने ते सगळे कामगार एका दमात मेले असते आणि त्यांच्या मागोमाग मासे. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, हळुवार पिळून. घाण निस्तरणारालाच घाणेरडं म्हणायची आपली सवय किती जुनी आहे, हे त्या बादलीपुढे उकिडवं बसल्यावर फार जाणवतं.

हे सगळं चाललं असताना मला आठवत होते आमचे अण्णा. वडिलांची आठवण माशांवरून यावी हे त्यांना आवडलं नसतं. मासे त्यांना आवडायचे, पण ते ताटात. सारा जन्म कोकणात काढून ऐंशीव्या वर्षी ते आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. येताना चार कुंड्या आणि खुरपं घेऊन आले. रोज सकाळी गॅलरीत बसून कुंड्या उकरायच्या, माती सारखी करायची, परत उकरायची. त्यात उगवायचं फार काही नाही. मग हात धुवायला मोरीत. महिन्याभरात मोरी तुंबली, खालच्या मजल्यावर ओल उतरली, सोसायटीची चिठ्ठी आली. माझ्या धाकट्या भावाचं म्हणणं, कुंड्या हलवाव्यात, अण्णांना टीव्ही घेऊन द्यावा. सौ.ने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गॅलरीत एक घमेलं आणून ठेवलं. "अण्णा, हात यात धुवा. माती खाली बसली की पाणी झाडांना आणि माती कुंडीत." अण्णा खूश. मोरी खूश. घमेलं मात्र सौ.ला रोज उचलावं लागे, आणि पाण्याने भरलेलं घमेलं जड असतं. अण्णा सहा वर्षं आमच्याकडे होते.

तेव्हा नातीला मी सांगितलं की चूक कुणाची नाही. तिचं समाधान झालं नाही. "मग कुणी करायचं?" तिने विचारलं, आणि मला वाटतं खरा प्रश्न हाच होता. दोष कुणाचाच नसला तरी काम कुणाचं तरी असतंच. मासा ब्राझीलहून आपल्या पायांनी आला नाही, फिल्टरने त्याला बोलावलं नाही. या तिघांना एका काचेत आणून बसवणारे आम्ही. ज्याच्या हातात स्विच आहे, त्याने वाकायचं. माशाने का म्हणून आपली मिशी आवरायची?

आता, मुळात कोंडावंच का, हा प्रश्न उरतोच. तो मी टाळत नाही. पण परदेशातून आणलेले हे मासे आपल्या ओढ्यात सोडून मोकळं होणं म्हणजे पुण्य नव्हे. हौसेने आणलेले सकरमाउथ लोकांनी असेच 'मुक्त' केले आणि आज देशातल्या कित्येक नद्या-तलावांत ते मूळच्या माशांच्या मुळावर उठले आहेत. एकदा आणलं की निभावणं आलं.

निभावण्याची रीत फार साधी निघाली. नळीचं तोंड वाळूपासून चार बोटं वर घेतलं. वाळू ढवळायची वेळ आली की आधी फिल्टर बंद, धुरळा खाली बसला की चालू. वीज गेली-आली की एकदा कान देऊन ऐकायचं. आणि नळीच्या तोंडाला चढवला पायमोजा. नातीने शाळेच्या स्नेहसंमेलनात परी होण्यासाठी घातलेला, पातळ नायलॉनचा, लांब. पाणी आत जातं, वाळू बाहेर राहते. वाळूबरोबर इतर कचराही त्यावर बसतो, म्हणून दर रविवारी तो उतरवून धुवावा लागतो. तोवर जोडीतला दुसरा चढवायचा. हे काम माझ्याकडे आहे. कमरेला ते फारसं पसंत नाही.

यामुळे गॅलरीतल्या दोरीवर आता कायम एकच पायमोजा वाळत असतो. गेल्या आठवड्यात तळमजल्यावरच्या बाईंनी जिन्यात सौ.ला गाठलं, आवाज उतरवला आणि विचारलं, "घरात कुणाचं पायाचं ऑपरेशन झालंय का हो?"